साडेतीनची पाळी

१

संग्रहालयाचं दालन अकराला उघडायचं, पण अंबिका साडेदहालाच यायची. आधी कांड्या भरून ठेवाव्या लागत.

परळच्या त्या गिरणीच्या जागेवर आता चाळीस-चाळीस मजल्यांचे दोन टॉवर उभे होते. साळखात्याचा, म्हणजे जिथे कापड विणलं जायचं त्या खात्याचा, एक कोपरा तेवढा तसाच राखला होता. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्याच्या काचांतून येणारा थंड सपाट उजेड, आणि खाली एकुलता एक माग. गिरणीच्या भाषेत साचा. बाकीचे साचे भंगारात गेले होते; ते जिथे रोवलेले होते तिथे फरशीत बोल्टांची भोकं तेवढी रांगेने दिसायची. शाळांच्या सहली यायच्या, टॉवरमधली माणसं पाहुण्यांना घेऊन यायची. दिवसातून दोनदा, साडेअकराला आणि तीनला, अंबिका साचा चालवून दाखवायची.

कांड्या भरणं तिच्या आवडीचं काम. शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनावरचा निळा दोरा छोट्या यंत्राला लावायचा, लाकडी कांडी खुंटीवर बसवायची, बटण दाबायचं. कांडी गरगर फिरते, दोरा डावीउजवीकडे सरकत तिच्या अंगावर चढतो, आणि पोट भरलं की यंत्र आपसूक थांबतं. अशा बारा कांड्या रोज. मग त्यातली एक धोट्यात घालायची. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, होडीच्या आकाराची लाकडी वस्तू. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांमधून तो इकडून तिकडे धाड धाड पळतो आणि मागे आडवा दोरा सोडत जातो. धोट्याच्या कुशीत एक बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. कांडीवरचा दोरा त्या डोळ्यातून बाहेर काढावा लागतो.

पूर्वी तो तोंडाने काढत. डोळ्याला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा. 'च्' असा ओला आवाज व्हायचा आणि दोऱ्याचं टोक जिभेवर यायचं. एका माणसाकडे चार साचे, दर पाच-सहा मिनिटांनी कांडी संपणार. पाळीभर तेच. दोऱ्याबरोबर रुईचा भुगा आत जायचा, आणि एकाचे ओठ निघाले की त्याच डोळ्याला पुढच्या पाळीत दुसऱ्याचे ओठ. अंबिकाचे वडील, आनंदा, याच गिरणीत तेवीस वर्षं विणकर होते. त्यांच्या छातीचं मातेरं तिथेच झालं.

दालनात तोंड लावायला सक्त मनाई होती. दालनाच्या प्रमुख वैदेही मॅडम यांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात तारेचा एक आकडा ठेवला होता. "याने ओढत जा अंबिका. मुलं बघतात, उद्या घरी जाऊन काहीतरी तोंडात घालतील."

अंबिकाने तो नियम कधी मोडला नव्हता. संध्याकाळी निघताना ती धोटा रिकामा करायची, पुसायची आणि साच्याच्या फळीवर ठेवायची. बाबांनी लावलेलं वळण.

त्या मंगळवारी सकाळी धोट्यात कांडी होती.

तिला वाटलं, शनिवार-रविवारच्या गडबडीत राहिली असेल. सोमवारी दालन बंद असतं. तिने धोटा उचलला. दोरा डोळ्यातून नीट बाहेर काढलेला होता, वीतभर लोंबत होता. तिने सवयीने टोक चिमटीत धरलं.

ते ओलं होतं.

छप्पर गळत असेल म्हणून तिने वर पाहिलं. मार्च महिना, काचांवर धूळ. मग, का कोण जाणे, तिने बोटं नाकाशी नेली. लवंगेचा वास आला.

२

"रूपेश, काल आत कोण आलं होतं?"

रूपेश दालनाचा वॉचमन. वरळी कोळीवाड्यातला. नोकरीपेक्षा भावाच्या बोटीत त्याचं लक्ष जास्त.

"काल? मी आणि मांजर."

"थट्टा नको. साच्याला कोणी हात लावलाय."

"ताई, तुझ्या त्या साच्याला मी दहा हजार दिलेस तरी हात लावणार नाय. तो चालू झाला की माझ्या दाढा हलतात." मग तिचा चेहरा बघून तो जरा सावरला. "चावी माझ्या कमरेला असते. खोटं वाटत असेल तर कॅमेऱ्यात बघ."

कॅमेरा दारावर होता, साच्यावर नव्हता. दारातून कोणी आलेलं दिसलं नाही.

अंबिका तशी भित्री नव्हती. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून ती पापडाच्या कारखान्यात, शिवणाच्या वर्गात, साडीच्या दुकानात राबलेली. लग्न मोडल्यावर मुलीला काखोटीला मारून परत बापाच्या खोलीत आलेली. असल्या बाईला ओल्या दोऱ्याचं काय भय. तरी त्या संध्याकाळी तिने निघताना खडू घेतला आणि विणलेल्या कापडाची कड जिथे संपते, अगदी तिथेच, एक आडवी रेघ मारली. मोटरचं मुख्य बटण खाली केलं. धोटा रिकामा केला. टोपलीतल्या भरलेल्या कांड्या मोजल्या. सात.

सकाळी सहा भरलेल्या, एक रिकामी. खडूची रेघ चार बोटं पुढे सरकली होती. मधलं कापड घट्ट, सारखं, कडा सरळ. अंबिकाच्या हातचं कापड अजून कडेला जरा ओढलं जायचं. हे तसं नव्हतं. हे तेवीस वर्षं विणलेल्या हाताचं होतं.

मोटर नाही तर हाताने चाक फिरवून विणता येतं, असं तिने स्वतःला सांगितलं. येतंच. पण चार बोटं कापडाला किती वेळा चाक फिरवावं लागेल हे तिला ठाऊक होतं. आणि रूपेशला ते येत नव्हतं, हेही.

३

लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर त्यांची खोली. दाराशी लोखंडी खाट, खाटेवर बाबा, खाटेखाली घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. अंबिका कामावर गेली की शेजारच्या शांतीकाकू येऊन बसायच्या. दुपारी एकला अंबिकाची मुलगी शाळेतून यायची; तिचं नाव पूर्वी. नऊ वर्षांची, आजोबांची लाडकी.

आजोबा आणि नातीचा एक खेळ होता. गिरणीत पाळी बदलताना विणकर साचा असाच सोडून जात नसे. पुढच्या पाळीचा माणूस येऊन हँडलला हात लावेपर्यंत आधीच्याने हलायचं नाही. जाणारा म्हणायचा, "चालू आहे." येणारा म्हणायचा, "घेतला." मगच पहिल्याचा हात सुटायचा. आग लागली तरी हा रिवाज मोडायचा नाही, असं बाबा सांगत. घरात तेच चालायचं. टीव्हीचा रिमोट, कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम, बादली, काहीही देताना आजोबा म्हणणार "चालू आहे", आणि पूर्वी ऐटीत हात लावून म्हणणार "घेतला".

दोन महिन्यांपूर्वी हा खेळ बंद पडला. दालन त्याच आठवड्यात सुरू झालं होतं.

नोकरी लागल्याचं अंबिकाने सांगितलं तेव्हा बाबा खुशीत होते. लवंग चघळत होते. मिश्री सोडल्यापासून गालात कायम एक लवंग. "कुठचा साचा ठेवलानी?" त्यांनी विचारलं.

"नंबर आहे त्याच्यावर. एकशे अठरा."

बाबांनी लवंग चघळणं थांबवलं. "चलता तो?"

"चालतो. मीच चालवते."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी जेवले नाहीत.

मग आजार एकदम बळावला. डॉक्टर म्हणाले आठ दिवस, फार तर दहा. गावाहून माणसं येऊन बघून गेली. आणि दोन महिने झाले तरी बाबा जातही नव्हते आणि राहतही नव्हते.

"गो अंबिका, बापाचा जीव कशात तरी अडकलाय," शांतीकाकू म्हणायच्या. "काय खायचं राहिलंय का बघ." शिरवाळ्या-रस करून झाला, बांगड्याचं तिखलं जिभेला लावून झालं. जीव सुटला नाही.

दिवसभर ते ठीक असत. साडेतीन वाजले की सुरू व्हायचं. उजवा हात खाटेच्या कठड्यावर जाऊन घट्ट बसायचा, दंड झटके द्यायचा. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दर पाच-सहा मिनिटांनी ओठांचा चंबू व्हायचा, आणि छातीत नसलेला श्वास ओढून घेतल्यासारखा आवाज यायचा. च्. त्यानंतरचा खोकला ऐकवत नसे. रात्री बाराच्या ठोक्याला सगळं थांबायचं आणि चिंध्या झालेल्या माणसासारखे ते निपचित पडायचे.

"सवयीने होतं," डॉक्टर म्हणाले होते. "म्हातारपणी शरीर जुनी कामं करतं."

अंबिकाला ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं. तिला आता एवढंच हवं होतं, की या माणसाला एकदा निवांत झोप लागावी. मग ती कुठलीही असो.

त्या बुधवारी रात्रीचं तोंड पुसायला तिने ओला कपडा बोटाला गुंडाळला. बाबांनी लहान मुलासारखा आ केला. जिभेखालून काहीतरी कपड्याला चिकटून आलं. तिने ते दिव्याखाली धरलं.

वीतभर दोरा. निळा.

माझ्याच कपड्यांना लागून आला असेल, ती मनात म्हणाली. दिवसभर त्याच दोऱ्यात असते मी. पण ती कामावरून आली की आधी आंघोळ करायची, बाबांच्या छातीला भुगा नको म्हणून. हेही तिला आठवत होतं.

४

गुरुवारी तीनचा खेळ नववीच्या मुलांसमोर झाला. बाणा, म्हणजे आडवा दोरा, तुटला की साचा कसा आपोआप थांबतो हे ती दाखवायची. आडव्या दोऱ्यावर एक छोटा काटा टेकलेला असतो, दोरा नसला की तो पडतो आणि साचा जागीच गप्प होतो. मुलांना हे फार आवडायचं.

"मॅडम, माणूस झोपला तरी साचा थांबतो?" एका पोराने विचारलं.

"माणसाचं त्याला काही नसतं," अंबिका म्हणाली. "दोरा पाहिजे."

बोलून गेली आणि तिने मोटर बंद केली.

मुलं गेली. साडेतीनला पाच मिनिटं होती. तिने मनाशी काहीतरी ठरवलं, काय ते तिला शब्दात सांगता आलं नसतं. कात्रीने कापडाच्या कडेशी दोरा कापला. धोटा उचलला, रिकामा केला आणि कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये.

आता बघू, ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते माहीत नाही.

तीन चाळीसला फोन वाजला. शांतीकाकू. मागून पूर्वीचं रडणं ऐकू येत होतं.

"अंबिका, बाबांचा श्वास लागत नाय गो. ओठ निळे पडले. ओढतायत, ओढतायत, पण आत काय जातच नाय. मशीन चालू आहे, तरी. तू ये लवकर."

अंबिका दाराकडे धावली. अर्ध्यात थांबली. वळली. किल्ली कुलपात जाईना. तिने धोटा बाहेर काढला, टोपलीतली पहिली हाताला लागली ती कांडी आत ठोकली, आणि धोटा फळीवर ठेवला. फोन कानाशीच होता.

च्.

आवाज फोनमधून आला की फळीवरून, हे तिला कधीच नक्की सांगता आलं नाही.

"आला," काकू म्हणाल्या. "श्वास आला. देवा रवळनाथा."

धोट्याच्या डोळ्यातून दोरा वीतभर बाहेर आला होता. तारेचा आकडा खिळ्याला टांगलेला होता तिथेच होता.

५

शनिवारी सकाळी बाबा शुद्धीत होते. पूर्वी शाळेला गेली होती. अंबिका खाटेशी जमिनीवर बसून त्यांचे पाय चोळत होती. तिने खाली बघतच विचारलं, "बाबा, शेवटच्या दिवशी काय झालं गिरणीत?"

बाबांनी ऑक्सिजनची नळी नाकाशी नीट बसवली.

"पहिली पाळी होती माझी," बाबा म्हणाले. तीन शब्द, एक श्वास, असं ते बोलत. "गेटावर नोटीस लावलानी. दुसऱ्या पाळीक कोणाला आत सोडलाच नाय. आमका आत काय पत्ता. साडेतीन झाले. भोंगा झाला. गौतम येईना."

"गौतम?"

"माझ्यामागे तो घ्यायचा साचा. अँटॉप हिलवरून यायचा. एक दिवस उशीर नाय." गालातली लवंग इकडून तिकडे गेली. "लोक साचे बंद करून बाहेर पडले. माझ्या एकशेअठरावर कापड अर्ध्यात. बंद करवेना माका. उभा राहिलो. जॉबर आला, आमच्या खात्याचा मुकादम. म्हणाला, आनंदा, किती वाट बघशील. तूच सोड नि तूच घे."

"मग?"

"हसला तो. मी पण हसलो." बाबा आताही हसल्यासारखं करायला गेले. "हँडलला हात लावून म्हटलं, चालू आहे. नि मीच म्हटलं, घेतला."

पाय चोळणारे अंबिकाचे हात थांबले.

"तेवढ्यात लाईट तोडली बाहेरून. साचा थांबला." त्यांनी छताकडे पाहिलं. "वीस वर्षं थांबलेला होता गो तो. बरा थांबलेला होता."

ते तिला दोष देत नव्हते. तेच जास्त लागलं.

"गौतम कुठे असतात आता?"

"कोरोनात गेला."

मग त्यांनी तिचा हात धरला. बोटं नुसती काड्या झालेली. "तू त्या साच्यापाशी साडेतीनला थांबू नकोस. ऐकलंस? मी करतो पुरी पाळी. सवय आहे माका."

६

सोमवारी दालन बंद. अंबिका सव्वातीनला मागच्या दाराशी उभी होती.

"आज कशाला?" रूपेश जेवणाचा डबा घासत होता.

"पट्टा काढलाय ना साच्याचा दुरुस्तीला. बघायचंय बसतो का नवा."

"पट्टा उद्या येणारे. तूच सांगितलंस मला." तो डबा बाजूला ठेवून उठला. मग चावी पुढे केली. "बाबा बरे आहेत ना, ताई?"

तिने चावी घेतली आणि दार उघडलं.

आत भर दुपारचा उजेड होता. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. काचांतून पट्टे खाली आलेले, पट्ट्यांत रुई तरंगत होती. रुई कुठून आली? दिवसाला बारा कांड्या विणून हवेत इतकी रुई होत नाही. ती साच्याशी गेली. मोटरचं बटण खाली होतं. पट्टा नव्हता, चाक मोकळं. धोटा फळीवर, रिकामा, तिने पुसून ठेवलेला.

तिने घरी फोन लावला. पूर्वीने उचलला.

"काकू कुठेयत?"

"पाणी भरायला. आई, आजोबांचा हात कठड्यावर गेला."

"फोन त्यांच्या कानाशी धर. आणि तू काही बोलू नकोस. काही म्हणजे काही नाही. कळलं?"

"बरं."

फोनमध्ये ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर आली. अंबिकाने फोन स्पीकरवर टाकला आणि साच्यावर ठेवला. साडेतीन झाले.

आधी काहीच नाही. मग टोपलीत लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज. ती तिकडे बघेपर्यंत कांडी धोट्यात होती. उडी मारून गेली नाही, तरंगली नाही. आधी टोपलीत होती, मग धोट्यात होती. तिने डोळे धोट्यावर खिळवले. डोळ्याच्या भोकातून निळं टोक बाहेर आलं. लोंबलं नाही. ताणलेलं राहिलं, हवेत, फळीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत सरळ वर, आणि तिथे संपलं. संपलं तिथे ते थरथरत होतं. थेंबभर ओल दोऱ्यावरून हळूहळू खाली उतरली.

च्. फोनमधून. आणि समोरून. एकदमच.

मग खोकला, फक्त फोनमधून. तो ऐकून तिचे पाय हलले. नाहीतर ती तिथून पळाली असती, हे ती नंतरही स्वतःशी कबूल करायची.

ती साच्याच्या पुढच्या बाजूला आली. विणकर जिथे उभा राहतो तिथे. तिथली हवा दमट होती, घामाची, गर्दीत कोणाच्या अगदी जवळ उभं राहावं तशी. तिने हात पुढे केला आणि हँडलवर ठेवला.

लोखंड गरम होतं. आत्ताच कोणी हात काढावा तसं नव्हे. हात अजून तिथेच असावा तसं.

"बाबा," ती म्हणाली. "साडेतीन झाले. मी आलेय."

यंत्राची घरघर. "नको गो," फोनमधून आवाज आला.

"बाबा, रिवाज मोडू नका. मी हात लावलाय."

पूर्वीचा श्वास ऐकू येत होता, पोर खरंच काही बोलत नव्हती. मग, तीन वेळा दम घेऊन, दोन शब्द आले.

"चालू… आहे."

अंबिकाने डोळे मिटले. "घेतला."

तिच्या हाताखालचं लोखंड एकदम गार झालं. दमट हवा सरकली, तिच्या डाव्या खांद्याला घासून गेली. तिने डोळे उघडले. उजेडाच्या दुसऱ्या पट्ट्यात, बोल्टांच्या भोकांच्या रांगेतून, एक पाठ चालली होती. बनियनची. बनियनवर रुई इतकी चिकटलेली की पाठ पांढरी केसाळ दिसत होती. खांदे सैल सोडलेले, पाळी सुटलेल्या माणसाचे. पुढच्या पट्ट्यात ती दिसली नाही.

"आई," पूर्वी म्हणाली. "आजोबांनी कठडा सोडला. झोपलेत. तोंड मिटून झोपलेत."

"बरं झालं," अंबिका म्हणाली. तिला रडायचं होतं. पण ताणलेला दोरा परत धोट्यात शिरला होता, तो बाहेर ओढायला हवा होता, आणि तिने धोटा उचलून ओठांना लावला तेव्हा आकडा खिळ्याला आहे हे तिच्या लक्षातही नव्हतं. तिने श्वास आत ओढला. दोरा जिभेवर आला. लवंगेची चव होती.

७

आनंदा बुधवारी पहाटे गेले. मंगळवारी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली, पूर्वीला गावच्या ओढ्यातल्या खेकड्याची गोष्ट सांगितली, आणि साडेतीन वाजले ते त्यांना कळलंही नाही. "सुटले गो," शांतीकाकू म्हणाल्या. चाळीतली बायामाणसं म्हणाली, चेहरा किती शांत.

तेरावं झाल्यावर अंबिकाने वैदेही मॅडमना साचा बंद ठेवायची विनंती केली.

"बंद? अगं, तुझ्या कापडाला आता काय सुंदर कडा येते. मी परवाच सगळ्यांना दाखवली." मग आवाज मऊ करून मॅडम म्हणाल्या, "वडील गेलेत, मला समजतं. थोडे दिवस सुट्टी घे."

तिने सुट्टी घेतली. तिच्या जागी दुसरं कोणी ठेवलं नाही. साच्याचा नवा पट्टा अजून बसवलेला नव्हता. रूपेशने फोन करून सांगितलं, "ताई, कांड्या संपत चालल्यात. तू गुपचूप येऊन भरतेस की काय?" आणि हसला. तिने फोन ठेवला.

घरात तो खेळ तिने पुन्हा सुरू होऊ दिला नाही. पूर्वीला बजावलं, 'घेतला' हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. का ते सांगितलं नाही, काय सांगणार. पोर हिरमुसली. आजोबांची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती.

रविवार होता. खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. अंबिका बाबांच्या खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. घड्याळाकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. पण उजवा हात आपणहून कठड्यावर गेला आणि बसला. दंडाला झटका आला. मान डावीकडे, उजवीकडे. तिने दात आवळून धरले, तरी ओठ पुढे आलेच. च्. त्यापाठोपाठ खोकला. पदरात तिने जे थुंकलं ते न बघताच मुठीत दाबलं.

खोकल्यात तिला पावलं ऐकू आली नाहीत. डोळे पुसून पाहिलं तर पूर्वी खाटेपाशी उभी होती. आईच्या हाताशेजारी, कठड्यावर, तिचा छोटा हात होता.

"आई, तू किती दमतेस," पूर्वी म्हणाली. "थोडा वेळ मी घेत—"

अंबिकाने झडप घालून तिचं तोंड दाबलं. पोर घाबरली, डोळे मोठे झाले. दोघी तशाच थांबल्या. खाली कोणीतरी आऊट झालं, ओरडा झाला, विरला.

अर्धा शब्द धरतात की नाही, हे विचारायला बाबा आता नव्हते.

तिच्या तळव्याखाली पूर्वीचे ओठ हलले. आत ओढल्यासारखे. पोर श्वास घेत असेल, अंबिकाने स्वतःला सांगितलं. तोंड दाबलेलं पोर दुसरं काय करणार. पण हात काढून तळवा बघायचं तिला धाडस होईना.